शंका आली? आधी तारीख मोजा

कार्तिकी पौर्णिमेला कपिलधारला मोठी यात्रा भरते. मन्मथस्वामींच्या समाधीला मराठवाड्यातून, कर्नाटकातून दिंड्या येतात आणि मांजरसुंब्यापासून पुढे माणसांची रीघ लागते. आपल्या वस्त्यांमधले काही जण तिथे चहाची, खेळण्यांची दुकाने लावतात. अशाच एका ओळखीच्या टपरीमागे मी बसलो होतो. पंचविशीतला एक तरुण बराच वेळ घुटमळत होता. शेवटी शेजारी येऊन बसला.

"जय भीम काका. तुम्हीच मासिकात दवाखान्याचं लिहिता ना?"

"जय भीम. हो, मीच. बोल की."

तो काही बोलला नाही. खिशातून घड्या घातलेले दोन कागद काढून त्याने माझ्या हातात दिले. दोन्ही खासगी लॅबचे एचआयव्ही तपासणीचे रिपोर्ट होते. एक २४ ऑक्टोबरचा, दुसरा २९ ऑक्टोबरचा. दोन्ही निगेटिव्ह.

"मग चांगलंच आहे की," मी म्हणालो.

"चांगलं आहे तर झोप का येत नाही, काका?"

हळूहळू सगळे बाहेर आले. ट्रकवर क्लीनर म्हणून गेला होता. २० ऑक्टोबरला मुक्कामाच्या ठिकाणी एका बाईकडे गेला. कंडोम नव्हता. परत आला आणि चौथ्या दिवशी लॅबमध्ये गेला. नवव्या दिवशी पुन्हा गेला. रात्र रात्र मोबाइलवर लक्षणे शोधत बसायचा. आता घसा दुखतोय, अंग तापल्यासारखे वाटतेय. चार दिवसांनी बायकोला घेऊन ऊसतोडीला निघायचे, मुकादमाची उचल घेतलेली. एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघे, हे आपल्या जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. त्याला भीती होती ती बायकोची. तिला काही झाले तर, असे म्हणून तो थांबला.

त्याला विचारून, त्याची ओळख लागेल असे सगळे वगळून हे लिहितो आहे. ही गोष्ट त्याच्या एकट्याची असती तर लिहिलीच नसती. विहारात वंदना संपल्यावर, लग्नाच्या मांडवामागे, एसटीच्या थांब्यावर, गेली कित्येक वर्षे हाच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून ऐकतो आहे.

त्याच्या हातातले दोन्ही कागद खरे होते. पण त्यातला एकही २० ऑक्टोबरच्या रात्रीबद्दल काही सांगत नव्हता.

असे का, ते समजून घेऊ. सरकारी केंद्रात आणि बहुतेक लॅबमध्ये जी कार्डावरची झटपट तपासणी होते, ती बहुधा विषाणूला शोधत नाही. विषाणू शिरल्यावर आपले शरीर त्याच्याविरुद्ध जी प्रतिपिंडे तयार करते, ती शोधते. आणि ती तयार व्हायला दिवस लागतात. आज पेरलेली ज्वारी उद्या शेतात दिसत नाही, म्हणून पेरणी झालीच नाही असे आपण म्हणत नाही. संसर्ग झाल्यापासून तो तपासणीत दिसेपर्यंतच्या या काळाला विंडो पिरियड म्हणतात. प्रतिपिंडे शोधणाऱ्या झटपट तपासणीत संसर्ग दिसायला साधारण २३ ते ९० दिवस लागतात. प्रतिपिंडांबरोबर विषाणूचा अंशही शोधणारी नव्या पिढीची तपासणी, शिरेतले रक्त घेऊन प्रयोगशाळेत केली तर, साधारण १८ ते ४५ दिवसांत सांगू शकते. थेट विषाणूच शोधणारी तपासणी १० ते ३३ दिवसांत सांगते. ती महाग असते आणि शंका आलेल्या प्रत्येकाला तिची गरज नसते. यापैकी कोणतीही तपासणी चौथ्या दिवशी उत्तर देत नाही. पैसे मात्र चौथ्या दिवशीही घेतले जातात.

म्हणून तपासणीचा निकाल वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवा. आजचा निगेटिव्ह रिपोर्ट आजबद्दल बोलत नाही, तो काही आठवड्यांपूर्वीच्या तुमच्याबद्दल बोलतो. मी त्या तरुणाला टपरीवरचे कॅलेंडर काढायला लावले. २० ऑक्टोबरपासून सहा आठवडे म्हणजे १ डिसेंबर. योगायोगाने तो जागतिक एड्स दिन. आणि नव्वद दिवस म्हणजे १८ जानेवारी. १ डिसेंबरला निगेटिव्ह आले तर मोठा दिलासा. १८ जानेवारीला पुन्हा निगेटिव्ह आले, आणि मधल्या काळात दुसरा धोका पत्करला नसेल, तर त्या रात्रीचा विषय संपला. त्यानंतर दर महिन्याला लॅबच्या पायऱ्या चढण्यात काही अर्थ नाही. मी अशी माणसे पाहिली आहेत की ज्यांनी दहा-दहा वेळा तपासले आणि अकराव्या वेळीही कागदावर विश्वास ठेवला नाही.

त्याला मी एक गोष्ट सांगू शकलो नाही, कारण वेळ निघून गेली होती. धोक्याची घटना घडल्यापासून पहिल्या ७२ तासांत एक औषध घेता येते. त्याला पेप म्हणतात. एचआयव्हीच्या उपचारात वापरतात त्याच गोळ्या २८ दिवस रोज घ्यायच्या. ७२ तास ही शेवटची मुदत आहे. खरे तर पहिल्या काही तासांत सुरू केले तर उत्तम. उशीर होईल तसा उपयोग घटतो आणि तीन दिवसांनंतर ते सुरू करत नाहीत. म्हणजे पहिल्या तीन दिवसांत लॅबकडे धावण्यापेक्षा सरकारी रुग्णालयाकडे धावायला हवे. कपिलधारहून बीड वीसेक किलोमीटर. बीडच्या जिल्हा रुग्णालयात आणि अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात एआरटी केंद्र आहे. रात्र असेल, सुट्टी असेल, तर सकाळची वाट न पाहता अपघात विभागात जाऊन सांगा. पेप द्यायचे की नाही ते डॉक्टर ठरवतील, कारण प्रत्येक घटनेत त्याची गरज नसते. आधी एक तपासणी करतील. ती पूर्वीपासून संसर्ग आहे का हे पाहण्यासाठी. पेप घेतलेल्यांच्या पुढच्या तपासण्यांच्या तारखा थोड्या पुढे सरकू शकतात, त्या तिथेच विचारून लिहून घ्या.

ही माहिती आपल्या घरांना सर्वांत जास्त लागते, आणि ती केवळ शरीरसंबंधांमुळे नाही. आपले किती भाऊ-बहिणी नगरपालिकेत, दवाखान्यांत सफाईच्या कामावर आहेत ते मोजून पाहा. कचऱ्याच्या पिशवीतून वापरलेली सुई हातात घुसणे हे त्यांच्या रोजच्या कामातले संकट आहे. तसे झाले तर जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. बोट पिळू नका, तोंडात घालू नका, वर स्पिरिट किंवा ब्लीच ओतू नका. रक्त डोळ्यात उडाले असेल तर डोळा भरपूर पाण्याने धुवा. मग मुकादमाला, साहेबाला सांगा आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा. "ठेकेदार कामावरून काढील" म्हणून गप्प बसणारे पुष्कळ आहेत. कंत्राटी कामगारालाही हे औषध मिळाले पाहिजे. तिथेच कावीळ ब ची लसही विचारा, कारण सुईतून ती कावीळ एचआयव्हीपेक्षा खूप सहज पसरते.

बलात्कार झालेल्या मुलीच्या किंवा बाईच्या बाबतीतही हेच तास महत्त्वाचे असतात. तिच्यावर ताबडतोब मोफत उपचार करणे सरकारी आणि खासगी, दोन्ही रुग्णालयांवर कायद्याने बंधनकारक आहे. आधी पोलिसात तक्रार करा, मग बघू, असे कुणी म्हणाले तर ऐकू नका.

आता धोका किती, हा प्रश्न. त्या तरुणाला वाटत होते की एकदा संबंध आला म्हणजे झालेच. तसे नाही. संसर्ग असलेल्या आणि उपचार न घेणाऱ्या व्यक्तीशी एकदा कंडोमशिवाय योनीसंबंध आला, तर संसर्गाची शक्यता सरासरीने हजारात एकापेक्षाही कमी असते. संसर्ग असलेल्याच्या रक्ताची सुई टोचली तर हजारात सुमारे तीन. गुदसंबंधात, विशेषतः तो स्वीकारणाऱ्याला, धोका यापेक्षा बराच जास्त. गुप्तांगावर जखम, फोड असतील तर आणखी वाढतो. आकडे लहान आहेत म्हणून ते विसरून जावे असे नव्हे. पण एका रात्रीवरून स्वतःला फाशीची शिक्षा सुनावण्याचेही कारण नाही. आणि त्या बाईबद्दल वाईटसाईट बोलायचे कारण तर मुळीच नाही. तिलाही तो कुणाकडून तरी मिळू शकतो, तिला तर गिऱ्हाईक निवडायची सोयही नसते.

घसा, ताप, अंगावर पुरळ यांवरून एचआयव्ही ओळखता येत नाही. नव्या संसर्गात काही जणांना दोन ते चार आठवड्यांत ताप येतो, काहींना काहीच होत नाही. तोच ताप डेंग्यूचा असतो, चिकुनगुनियाचा असतो, यात्रेतल्या धुळीने धरलेल्या घशाचाही असतो. काळजीने छाती धडधडते, जुलाब होतात, भूक मरते, वजन उतरते. मग माणूस ते वजन बघून आणखी घाबरतो. मोबाइलला लक्षण विचारले की तो वाईटातले वाईट आधी दाखवतो.

डास चावून, एका ताटात जेवून, शौचालयातून, खोकल्यातून, मिठीतून एचआयव्ही होत नाही. न्हाव्याकडे नवे ब्लेड मागावे, ती चांगली सवयच आहे. खरी भीती बाळगायची तर एकच सुई अनेकांना टोचणाऱ्या बोगस डॉक्टरची बाळगा. उत्तर प्रदेशात उन्नाव जिल्ह्यातल्या बांगरमऊ भागात २०१८ साली अशाच एका सुईवाल्यामुळे गावातल्या कित्येकांना संसर्ग झाल्याचे उघड झाले. "एक इंजेक्शन द्या ना डॉक्टर" हा आपलाही आवडता आग्रह आहे. सुई पाकिटातून तुमच्यासमोर निघाली पाहिजे.

तर वाट बघायच्या या तीन महिन्यांत करायचे काय? याबद्दल मी त्या तरुणाशी सर्वांत जास्त वेळ बोललो. पहिले, बायकोशी संबंध ठेवायचा तर कंडोम वापरूनच. हे उसाच्या फडावर, कोपीत, सांगायला सोपे आणि करायला अवघड आहे. ती विचारणारच, आजच का? माझे मत विचाराल तर तिला सांगावे. तिच्या शरीराचा प्रश्न आहे, आणि खोटे बोलून तीन महिने निभावणे त्याला झेपणारे नव्हते. पण कसे सांगायचे हे ठरवायला समुपदेशकाची मदत घ्यावी, तपासणी केंद्रात तो त्यासाठीच बसलेला असतो. त्याला बोलता येईना तर दोघांनी मिळून जावे. बायको गरोदर असेल किंवा मूल अंगावर पीत असेल तर हे टाळताच येणार नाही. गरोदरपणी सुरुवातीला केलेली तपासणी निगेटिव्ह आली म्हणजे नंतरच्या महिन्यांतला धोका धुऊन निघत नाही. डॉक्टरांना सांगून ती पुन्हा करावी लागते.

दुसरे, या काळात रक्तदान करायचे नाही. १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरला आपल्या वस्त्यांमध्ये रक्तदान शिबिरे होतात, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण "शिबिरात रक्त दिले की तपासणी फुकट होईल" असा हिशेब करणारे मला भेटले आहेत. रक्तपेढी प्रत्येक पिशवी तपासते. तरी विंडो पिरियडमधले रक्त तपासणीतून निसटू शकते आणि ते एखाद्या बाळंतिणीला किंवा थॅलेसेमियाच्या लेकराला चढू शकते. त्या तरुणाची सहा आठवड्यांची तारीख ६ डिसेंबरच्या तोंडावर येत होती, म्हणून हे मी त्याला दोनदा सांगितले.

तिसरे, झोप. रात्री मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेव म्हणालो, तर तो हसला. दुसरी खोली होती कुठे! मग म्हणालो, १०९७ हा नंबर ठेव. नॅकोची मोफत हेल्पलाइन आहे, नाव न सांगता मराठीत विचारता येते. आणि मनात जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील तर १४४१६, टेली मानस. तो बराच वेळ खाली बघत राहिला. मग म्हणाला, दुसराही नंबर लिहून द्या.

तपासणी कुठे? सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी केंद्रात. पैसे लागत नाहीत. कोणत्या गावचा, कोणत्या जिल्ह्याचा याने अडत नाही. फड सांगलीला असो की कोल्हापूरला, तिथल्या सरकारी रुग्णालयात जावे. आधी समुपदेशक बोलतो, मग रक्त घेतात, मग निकाल हातात देताना पुन्हा बोलतो. पहिल्या किटवर काही दिसले नाही तर निगेटिव्ह. दिसले तर आणखी दोन वेगळ्या किटवर तपासतात आणि तिन्हींवर आले तरच पॉझिटिव्ह म्हणतात. म्हणून खासगी लॅबच्या एकाच कार्डावर "रिॲक्टिव्ह" लिहून आले तर तो शेवटचा शब्द समजू नका. सरकारी केंद्रात पक्के करून घ्या. गुप्तांगावर फोड, स्राव असेल तर सुरक्षा क्लिनिकमध्ये गुप्तरोगांचीही तपासणी होते, तीही करा.

आणि पॉझिटिव्ह आले तर? बीडहून मांजरसुंब्याकडे येताना पाली लागते. तिथे दत्ता आणि संध्या बारगजे या दाम्पत्याने एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांसाठी 'इन्फंट इंडिया' उभे केले. नातेवाइकांनी नाकारलेली मुले तिथे शाळा शिकतात, खेळतात, गोळ्या घेतात. लातूर जिल्ह्यात हासेगावला रवी बापटले यांचे सेवालय असेच. भारतात पहिला संसर्ग १९८६ साली सापडला तेव्हा औषध नव्हते. १ एप्रिल २००४ पासून सरकारने मोफत एआरटी सुरू केले आणि २०१७ पासून पॉझिटिव्ह आलेल्या प्रत्येकाला, प्रकृती कशीही असो, लगेच उपचार देण्याचे धोरण आहे. बहुतेकांना आता दिवसाला एकच गोळी लागते. ती रोज घेऊन रक्तातला विषाणू मोजण्यापलीकडे खाली गेला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराला जात नाही. पॉझिटिव्ह आईने वेळेवर उपचार घेतले तर बहुतेक बाळे निगेटिव्ह जन्मतात. बाळाची पहिली तपासणी सहा आठवड्यांनी होते. जितके लवकर कळेल तितके बरे, ते यासाठी.

कायदाही आहे. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. तुमच्या संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, निकाल फोडता येत नाही, नोकरी, घर, शाळा, दवाखाना यांत भेदभाव करता येत नाही. त्याच्याही वीस वर्षे आधी, १९९७ साली, एका हंगामी मजुराला एचआयव्ही असल्यावरून कामावर घेण्याचे नाकारले गेले तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला, की काम करायला धडधाकट असलेल्या माणसाला केवळ एचआयव्हीवरून काम नाकारता येणार नाही. त्या मजुराचे नाव निकालात नाही, दोन अक्षरेच आहेत. न्यायालयाने नाव झाकले, आणि आपण वस्तीत चार घरे ओलांडायच्या आत ते पसरवतो.

एक गोष्ट कडू लागेल, तरी लिहितो. नवऱ्यामागे राहिलेल्या पॉझिटिव्ह बाईचा पाण्याचा तांब्या वेगळा ठेवलेला मी आपल्याच वस्तीत पाहिला आहे. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता. २० मार्च १९२७ ला महाडला कशासाठी ओंजळ भरली होती, हे त्या घरातल्या शाळेत जाणाऱ्या पोरालाही माहीत होते. तांब्यातून एचआयव्ही होत नाही, हे मात्र कुणी सांगितले नव्हते. सांगितल्यावर त्या घरातल्या सासूने तो तांब्या उचलून माठाजवळच्या बाकीच्या भांड्यांत ठेवला. लाजली, पण ठेवला.

यात्रा उठली, तरुण टोळीबरोबर गेला. दोन्ही तारखा त्याने लॅबच्या त्याच कागदामागे लिहून नेल्या होत्या. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्याचा फोन आला. मागे ट्रॅक्टरचा आवाज होता. "गेलो होतो काका. दोघंबी गेलो होतो," म्हणाला. जानेवारीतली तारीख परत एकदा विचारून घेतली. रिपोर्ट काय आला ते त्याने सांगितले नाही आणि मी विचारले नाही. झोप लागते का, एवढे विचारले. म्हणाला, ऊस तोडून आल्यावर लागते.